भंगारात की ट्रॅकवर? जुन्या एस्टीमची रेस कार कशी होते

भाच्याचा फोन आला. "मामा, एस्टीमचे भंगारवाला जे देतोय ना, त्यात माझा मोबाइलसुद्धा येणार नाही. त्यापेक्षा तिची रेस कार करू का?"

गाडी २००४ची मारुती एस्टीम. पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओत खेटे घालून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली होती, ती मुदतही सरली. २०२१ साली केंद्राचं स्क्रॅपेज धोरण आलं, मग दिल्लीतल्या जुन्या गाड्यांच्या बंदीच्या बातम्या येत राहिल्या, आणि घरोघरी पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या असलेल्या गाड्यांचं काय करायचं हा विषय सुरू झाला. त्यातून काही तरुण मंडळींच्या डोक्यात हे खूळ शिरतं. यूट्यूबवर दहा मिनिटांत गाडी सोलून, रंगवून, नंबर चिकटवून ट्रॅकवर धावताना दिसते. त्या दहा मिनिटांत जे दाखवत नाहीत, त्याबद्दल हा लेख आहे.

भाच्याला मी 'नाही' म्हणालो नाही. एवढंच म्हणालो, की आधी खर्चाचा क्रम समजून घे. तू इंजिनापासून सुरुवात करणार आहेस, आणि तिथेच चुकणार आहेस.

## पोस्टमनला शर्यतीत उतरवायचं तर

कमी किमतीची, जास्त मायलेजची गाडी म्हणजे गावाकडचा पोस्टमन. दिवसभर चालतो, वर्षानुवर्षं चालतो, थोडक्यात भागवतो. पण तो धावत नाही. त्याला उद्या गावच्या शर्यतीत उभं करायचं ठरलं, तर आपण काय करू? त्याचं हृदय बदलायला निघणार नाही. खांद्यावरची झोळी उतरवू, वहाणांच्या जागी बूट देऊ, धाप लागली तर पाणी कुठे मिळेल ते बघू, आणि पडला तर डोकं फुटू नये याची काळजी घेऊ.

एस्टीमचंही तेच. घरातल्या वापरात इंजिन पूर्ण ताकदीने क्वचितच चालतं. एखादा ओव्हरटेक, एखादा चढ, संपलं. ट्रॅकवर मात्र अ‍ॅक्सिलरेटर एक तर पूर्ण दाबलेला असतो, नाही तर पाय ब्रेकवर असतो. मधलं काही नसतं. दहा-पंधरा मिनिटांच्या शर्यतीत गाडीला एवढं सोसावं लागतं, की घरच्या वापरात वर्षभर न दिसलेलं दुखणं तिथे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत बाहेर येतं.

एस्टीम या कामाला वाईट नाही. १९९४ साली ती आली तेव्हा १२९८ सीसीचं इंजिन ६५ अश्वशक्तीचं होतं. पुढे सोळा व्हॉल्व्हचं, इंजेक्शनचं इंजिन आलं आणि ताकद ८५ वर गेली. वजन पावणेनऊशे किलोच्या आसपास. गाडी हलकी, इंजिन वरपर्यंत फिरायला तयार, सुटे भाग गल्लोगल्ली. भारतातल्या टूरिंग कार शर्यतींत, म्हणजे बाजारात विकल्या जाणाऱ्या गाड्यांवरून केलेल्या रेस कारच्या शर्यतींत, वर्षानुवर्षं एस्टीमचीच गर्दी दिसली ती याचमुळे.

## पहिलं काम: झोळी उतरवणं

गाडी वेगवान करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग पान्याने होतो, पैशाने नाही. मागचं सीट, गालिचा, छताचं कापड, दारांची आतली पॅनेल, एसीचा कॉम्प्रेसर आणि पाइप, म्युझिक सिस्टिम, स्टेपनी, जॅक. फरशीच्या पत्र्याला आवाज कमी करण्यासाठी चिकटवलेल्या डांबरासारख्या शीट तर हातोडी-छिन्नी घेऊन तासन्‌तास खरवडाव्या लागतात. हे सगळं मिळून शंभर-सव्वाशे किलो सहज निघतं. त्यातलं काही परत येणार आहे, कारण चालकाला वाचवणारा लोखंडी पिंजरा आत बसवायचाय. तरीही ८७५ ची गाडी ८०० वर आली असं धरू.

आता हिशेब बघा. ८५ अश्वशक्ती आणि ८७५ किलो म्हणजे टनामागे ९७ अश्वशक्ती. तीच ताकद ८०० किलोला लावली की टनामागे १०६. मूळच्या वजनात हा आकडा गाठायचा तर इंजिनातून आठ अश्वशक्ती जास्त काढावी लागली असती. त्यासाठी हेड उघडा, कॅम बदला, पैसे मोजा. इथे ती फुकट मिळाली. शिवाय इंजिनाने मिळवलेली ताकद फक्त पळताना उपयोगी पडते, कमी झालेलं वजन मात्र ब्रेक मारताना आणि वळतानाही कामी येतं.

एसी काढल्याचा आणखी एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. एसीची जाळी रेडिएटरच्या पुढे असते. ती गेली की रेडिएटरला थेट वारा लागतो.

या कामात एक गोष्ट हमखास कळते: गाडी खरंच किती गंजली आहे. गालिच्याखालचा पत्रा बघितल्याशिवाय पुढचा एक रुपयाही खर्च करू नये. मुंबई किंवा कोकणात आयुष्य गेलेली गाडी वरून चकचकीत आणि खालून चाळण असू शकते. पिंजरा याच पत्र्याला जोडायचा असतो.

## "पण मोठं इंजिन टाकलं तर?"

हा प्रश्न येणारच. आपल्याकडे गॅरेजच्या गप्पांमध्ये मारुती ८०० मध्ये १३०० चं इंजिन टाकण्याचे किस्से दंतकथांसारखे चालतात, आणि त्यातले बरेचसे खरेही आहेत.

बैलगाडा शर्यत पाहिलेल्याला याचं उत्तर माहीत असतं. उसाच्या गाडीला कितीही तगडी खोंडं जुंपली तरी ती शर्यतीची गाडी होत नाही. शर्यतीची छकडी वेगळीच असते. हलकी, चाकं नीट, बाकी काही नाही. जास्त ताकद आली की गाडी सरळ रस्त्यावर जास्त वेग घेते, आणि तो सगळा वेग पुढच्या वळणाआधी कुणाला तरी उतरवावा लागतो. ब्रेक जुनेच असतील तर मोठं इंजिन म्हणजे वळण चुकण्याची जास्त खात्री. गिअरबॉक्स, क्लच प्लेट, चाकाकडे ताकद नेणारे शाफ्ट हेही त्या जुन्याच ताकदीच्या मापाने बनवलेले असतात.

दुसरं म्हणजे नियम. शर्यतींमध्ये गट असतात आणि प्रत्येक गटात काय बदलायला परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. भारतात मोटरस्पोर्टचं नियमन करणारी संस्था म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया. तिच्या नियमपुस्तिकेत बसत नसेल तर गाडी कितीही पळो, तिला सुरुवातीच्या रेषेवर उभं राहू देणार नाहीत. म्हणून पाना उचलण्याआधी नियम वाचायचे.

इंजिनाबाबत पहिल्या वर्षी करायचं काम कंटाळवाणं आहे. चारही सिलिंडरमधला दाब मोजायचा आणि तो जवळपास सारखा आहे का ते पाहायचं. टायमिंग बेल्ट, पाण्याचे पाइप, इंजिनाचे रबरी माउंटिंग, क्लचची केबल, सगळं नवं. सायलेन्सर मोकळा केला की गाडी जोरात पळते असं वाटतं; बहुतेक वेळा फक्त आवाज पळतो.

## दहा कप चहाचं आधण

आता ज्यावर पहिला पैसा खर्च व्हायला हवा ते. ब्रेक गाडी थांबवतात असं आपण म्हणतो. खरं तर ते गतीची उष्णता करतात, आणि ती उष्णता कुठेतरी जावी लागते.

चालकासकट गाडी ९०० किलो धरू. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी ताशी १४० किलोमीटरचा वेग आहे आणि वळणासाठी तो ६० वर आणायचाय. यात साधारण साडेपाचशे किलोज्यूल ऊर्जा उतरवावी लागते. थोडा वाटा हवेचा विरोध उचलतो. उरलेल्या उष्णतेत घरातलं साधं दीड लिटर पाणी उकळीला येईल. म्हणजे दहा कप चहाचं आधण, तेही तीन-चार सेकंदांत, मुख्यतः पुढच्या दोन चाकांवरच्या डिस्कमध्ये. आणि हे प्रत्येक फेरीत, प्रत्येक मोठ्या वळणाला. आधीचं आधण निवायच्या आत पुढचं चढतं.

वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते, हेही लक्षात ठेवा. ६० वरून थांबणाऱ्या गाडीचे ब्रेक १२० वरून थांबताना दुप्पट नाही, चौपट तापतात.

घाट उतरताना याचा अनुभव बऱ्याच जणांनी घेतलाय. मीही घेतलाय. आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना चौथ्या गिअरमध्ये गाडी सोडली आणि सारखा ब्रेकवर पाय ठेवला. आधी जळका वास आला, मग पेडल दाबलं तरी गाडी ऐकेना. चूक शंभर टक्के माझी. याला ब्रेक फेड म्हणतात, आणि तो दोन प्रकारे होतो. एक, पॅड इतके तापतात की डिस्कला धरतच नाहीत. पेडल घट्ट लागतं, पण गाडी थांबत नाही. दोन, ब्रेक ऑइल उकळतं. हे जास्त वाईट. द्रव दाबला जात नाही, म्हणूनच पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. त्यात वाफेचे बुडबुडे झाले की वाफ स्पंजासारखी दबते, आणि पेडल थेट जमिनीला टेकतं.

गंमत म्हणजे ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांची धरतात. आपल्या पावसाळी हवेत चार-पाच वर्षं बदललेलंच नाही असं ऑइल सर्रास सापडतं. म्हणजे काहीशे रुपयांची बाटली आणि तासाभराचं काम, यावर पेडल राहतं की जातं ते ठरतं. त्यानंतर चांगल्या दर्जाचे पॅड, रबरी नळ्या नव्या, आणि पुढच्या बंपरमधून डिस्कवर वारा नेणारा एखादा पाइप. मोठे ब्रेक नंतर. आधी हे.

## ताटातली आमटी कलंडते तेव्हा

इंजिनाच्या खाली तेलाची परात असते. मिस्त्री तिला चेंबर म्हणतात. त्यात बुडालेल्या नळीतून पंप तेल ओढतो आणि वर सगळ्या फिरत्या भागांना पोचवतो. पंगतीत वाढपी चालताना ताट कलंडलं की आमटी एका कडेला जाते. चेंबरमध्येही तेच होतं.

रस्त्यावर आपण इतक्या सावकाश वळतो की तेल फार हलत नाही. चांगले टायर लावलेली गाडी ट्रॅकवर वळताना मात्र गुरुत्वाकर्षणाच्या नऊ-दशांशाइतका जोर बाजूला लागू शकतो. तेवढ्या जोराला तेलाचा पृष्ठभाग चाळीस-बेचाळीस अंशांनी कलतो. लांब वळण असेल तर सगळं तेल एका भिंतीला जाऊन बसतं, नळीचं तोंड उघडं पडतं आणि पंप हवा ओढू लागतो. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, आणि त्याच्या बेअरिंगमध्ये तेलाचा जो पातळ थर असतो तोच नाहीसा होतो. इंजिन तेव्हा मिनिटाला सहा हजार फेऱ्या मारत असतं. दोन-तीन सेकंदांचा हा उपास पुरतो. लगेच काही कळत नाही. पुढच्या फेरीत खालून ठकठक ऐकू येते, आणि त्यानंतरच्या फेरीत इंजिन बसतं.

नव्या हौशी मंडळींची बरीच इंजिनं 'ताकद कमी पडली' म्हणून नाही, अशी तहानेने मरतात. उपाय स्वस्त आहे. चेंबर काढून आत पत्र्याच्या आडव्या भिंती वेल्ड करायच्या, म्हणजे तेल एकदम एका बाजूला धावत नाही. याला बॅफल म्हणतात. काही जण त्यात एका दिशेनेच उघडणारी छोटी दारंही बसवतात. तेल नळीकडे येऊ शकतं, परत जाऊ शकत नाही. सोबत तेलाच्या दाबाचा खरा मीटर आणि डोळ्यांसमोर मोठा लाल दिवा. मूळ गाडीतला दिवा लागेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

पाण्याचंही असंच. रेडिएटर साफ, पंखा चालू, झाकण नवं. अनेक स्पर्धांत हिरव्या कूलंटला बंदी असते, कारण ते ट्रॅकवर सांडलं तर घसरडं होतं आणि मागच्या सगळ्यांना भोवतं. साधं पाणी आणि गंज रोखणारं औषध, एवढंच.

## चार पोस्टकार्डं

गाडी जमिनीला कुठे टेकते? प्रत्येक चाकावर सव्वादोनशे किलो वजन आहे आणि टायरमध्ये ३० पीएसआय हवा आहे असं धरलं, तर एका टायरची टेकलेली जागा साधारण १०७ चौरस सेंटिमीटर निघते. आपलं साधं पोस्टकार्ड १२६ चौरस सेंटिमीटरचं असतं. म्हणजे ब्रेक, वळण, पिकअप, जे काही करायचं ते पोस्टकार्डाहूनही लहान चार तुकड्यांच्या भरवशावर.

म्हणून इंजिनाच्या कामाला ठेवलेले पैसे टायरवर घालवले तर फेरीची वेळ हमखास कमी होते. त्यानंतर अलाइनमेंट. वळताना गाडी बाहेर झुकते आणि बाहेरचा टायर कडेवर उभा राहतो, तेव्हा ते पोस्टकार्ड आणखी लहान होतं. चाकाचा वरचा भाग आधीच थोडा आत कलता ठेवला, की झुकल्यावर टायर सपाट बसतो. या कलण्याला कॅम्बर म्हणतात. रस्त्यावर असं ठेवलं तर टायर आतून झिजतो, ट्रॅकवर तोच फायदा.

शॉकअप आणि स्प्रिंग याबद्दल लोक पुस्तकं लिहितात. पहिल्या गाडीसाठी एवढंच: चारही नवे, थोडे कडक, आणि सगळी रबरी बुश बदललेली. वीस वर्षांची बुश म्हणजे ढिल्या कवळीने चणे खाणं.

## पिंजरा: जिथे काटकसर चालत नाही

आता खर्चाचा सगळ्यात मोठा आकडा. रोल केज म्हणजे गाडीच्या आत बसवलेला लोखंडी नळ्यांचा पिंजरा. गाडी उलटली, किंवा दुसरी गाडी दारात येऊन आदळली, तर पत्रा आत यावा पण चालकाची जागा शाबूत राहावी, हे त्याचं काम.

इथे गल्लीतल्या ग्रिलवाल्याकडून काम करून घ्यायचा मोह होतो. करू नका. आंतरराष्ट्रीय संघटना एफआयएच्या नियमांत मुख्य कमानीसाठी, म्हणजे चालकाच्या मागच्या मोठ्या कमानीसाठी, विनाजोड नळी लागते: ४५ मिलिमीटर व्यास आणि अडीच मिलिमीटर जाडी, किंवा ५० व्यास आणि दोन जाडी. खिडकीच्या ग्रिलचा किंवा पाण्याचा पाइप पट्टी गोल करून, कडा जोडून केलेला असतो. जोराचा मार बसला तर तो त्याच जोडावर उसवतो. शिवाय नळी वाकवताना चपटी होता कामा नये, आणि एकच सलग नळी वाकवायची, दोन तुकडे जोडून कमान करायची नाही.

दुसरी गंमत पायात आहे. पिंजरा कितीही भक्कम असला तरी तो उभा राहतो त्या पातळ पत्र्यावर. थेट वेल्ड केला तर उलटल्यावर नळी पत्रा भोसकून खाली जाईल, ओल्या जमिनीत टाचेची चप्पल रुतावी तशी. म्हणून प्रत्येक पायाखाली किमान तीन मिलिमीटर जाड आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची पट्टी पत्र्याला जोडायची असते. पुन्हा पोस्टकार्डाएवढीच जागा, योगायोगाने. आणि म्हणूनच मघाशी गालिच्याखालचा गंज बघायला सांगितला.

४५ मिलिमीटरची ही नळी मीटरमागे २.६ किलो भरते. पूर्ण पिंजरा चाळीस-पन्नास किलोंचा होतो. सोललेलं वजन परत घालताना जीवावर येतं, पण त्याचा एक उपफायदा आहे. जुन्या गाडीचा सांगाडा ढिल्या बाजेसारखा पिळवटतो. पिंजऱ्याने तो ताठ होतो, आणि मग स्प्रिंग-शॉकअपचे बदल जाणवायला लागतात.

सीट आणि पट्टे यांची कथा थोडक्यात. खांद्यांवरून, कमरेवरून आणि पायांमधून असे पाच किंवा सहा टोकांचे पट्टे लागतात. पायांमधला नसेल तर आदळल्यावर माणूस पट्ट्याखालून घसरतो आणि कमरेचा पट्टा पोटात शिरतो. एफआयए मान्यतेच्या सीट आणि पट्ट्यांवर मुदत छापलेली असते, साधारण पाच वर्षांची. 'सेकंडहँड, एकदम नवीन कंडिशन' असं कुणी म्हणालं तर आधी ती तारीख वाचा. त्याखेरीज अग्निशामक, गाडी ओढायचा हुक, हेल्मेट, आग सोसणारे कपडे, आणि बाहेरूनही दाबता येईल असा मुख्य स्विच. निळ्या त्रिकोणात लाल विजेचं चिन्ह असतं, तो. चालक बेशुद्ध असला तरी बाहेरच्या माणसाने इंजिन आणि सगळं वायरिंग एका झटक्यात बंद करावं, यासाठी.

## "मग तीच गाडी ऑफिसलाही नेईन, अजूनच सुरक्षित!"

भाच्याचा हा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो. उलटं आहे. पिंजऱ्याची नळी चालकाच्या डोक्यापासून काही इंचांवर असते. ट्रॅकवर डोक्यात हेल्मेट असतं आणि पट्ट्यांनी माणूस सीटला बांधलेला असतो. रस्त्यावर साधा पट्टा लावून, उघड्या डोक्याने बसलात, तर किरकोळ टकरीतही डोकं लोखंडावर आपटेल. मूळ गाडीत तिथे कापड आणि पोकळ पत्रा होता, तो निदान दबला असता.

कायदाही आड येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं, की नोंदणीत लिहिलेला आणि कंपनीने ठरवलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाने करायचा नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. विम्याची पॉलिसी काढून बघा. 'वापराच्या मर्यादा' या मथळ्याखाली संघटित शर्यती आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. म्हणजे ट्रॅकवर झालेलं नुकसान तुमचंच. आणि परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ आहे: पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तेव्हा रेस कार ट्रेलरवर बसून ट्रॅकपर्यंत जाते. हे वाक्य बजेटमध्ये बहुतेक जण विसरतात.

## "एवढं सगळं करून स्वस्त कुठे राहिली?"

अगदी खरं. गाडी भंगाराच्या भावात मिळाली तरी पिंजरा, सीट, पट्टे, हेल्मेट, कपडे मिळून तिच्या किमतीपेक्षा सहज जास्त होतात. 'बजेट रेस कार' यातलं बजेट इतर रेस कारच्या तुलनेत असतं, तुमच्या पगाराच्या तुलनेत नाही.

अमेरिकेत यावर एक मजेशीर तोडगा निघाला. २००६ साली कॅलिफोर्नियात जे लॅम यांनी '२४ अवर्स ऑफ लेमन्स' नावाची शर्यत सुरू केली. फ्रान्समधल्या प्रसिद्ध ले मां शर्यतीच्या नावावरची ही कोटी. सतत बिघडणाऱ्या गाडीला अमेरिकन लोक लिंबू म्हणतात. नियम असा, की गाडी ५०० डॉलरची हवी. पण सुरक्षेची साधनं आणि टायर-ब्रेक या हिशेबात धरायचे नाहीत. म्हणजे कंजूषपणा कुठे चालेल आणि कुठे नाही, ते नियमातच सांगून टाकलं. गाडी त्याहून महाग वाटली तर परीक्षक दर दहा डॉलरमागे एक फेरी कापतात. सगळ्यात मानाचं बक्षीस पहिल्या येणाऱ्याला नसतं. ज्या गाडीकडून कुणालाच आशा नव्हती आणि तरी जी खूप चालली, तिला ते मिळतं. तिथे दिसणारी 'जिओ मेट्रो' ही आपल्या एस्टीमची जवळची नातेवाईक आहे, दोघीही सुझुकी कल्टसच्याच घराण्यातल्या.

आपल्याकडे गरिबाघरच्या गाडीपासून रेसिंग उभं करण्याची परंपरा त्याहून जुनी आहे. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन वापरून एका सीटची 'फॉर्म्युला मारुती' घडवली. १९९५ मध्ये ते विमान अपघातात गेले. कोइम्बतूरजवळचा ट्रॅक त्यांच्याच नावाने ओळखला जातो. भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन याची पहिली शर्यत चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला झाली, ती याच फॉर्म्युला मारुतीत. घरोघरी भाजी आणायला जाणारं इंजिन होतं ते.

महाराष्ट्रातल्या माणसाची खरी अडचण अंतराची. देशातले जुने, रुळलेले ट्रॅक दक्षिणेत. पुण्याहून चेन्नई बाराशे किलोमीटर. ट्रेलर, डिझेल, दोन माणसांचा मुक्काम, प्रवेश फी. एका हंगामात तीन-चार वेळा हे केलं की ट्रेलरचं बिल गाडीच्या किमतीला मागे टाकतं. म्हणून भाच्याला मी ऑटोक्रॉस सुचवलं. मोकळ्या मैदानात खांब लावून केलेला मातीचा मार्ग, एका वेळी एकच गाडी, लढत घड्याळाशी. वेग कमी, शेजारून कुणी घासत नाही, आणि गाडीचं नियंत्रण शिकायला मातीसारखा मास्तर नाही. नाशिक-पुण्याकडे रॅलीचा जुना शौक असल्याने जाणकार मिस्त्रीही भेटतात. त्यांच्यापैकी कुणाच्या गाडीला एक हंगाम हाताखाली राबलास, तर निम्म्या चुका दुसऱ्याच्या खर्चाने होतील, असंही सांगितलं.

## "आणि कंटाळा आला तर विकता येईल ना?"

हा त्याचा शेवटचा प्रश्न होता, आणि माझ्या मते सगळ्यात शहाणा. इंजिन, गिअरबॉक्स, टायर, शॉकअप यांना गिऱ्हाईक मिळतं. सीट आणि पट्ट्यांची मुदत उरली असेल तर तेही जातात. पूर्ण तयार गाडी, कागदपत्रांसकट आणि लॉगबुकासकट, एखाद्या नवख्याला विकता येते. घातलेल्या पैशाच्या निम्मे आले तरी नशीब म्हणायचं. नवख्याने खरं तर हेच करावं, स्वतः गाडी घडवण्यापेक्षा दुसऱ्याची हौस फिटलेली गाडी घ्यावी.

पिंजरा मात्र दुसऱ्या जातीच्या गाडीत बसत नाही. तो त्या एकाच छताच्या, त्या एकाच दाराच्या मापाने वाकवलेला असतो. भाचा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, रविवारी येतोस? आधी गालिचा काढून पत्रा बघू."